सणांचा खर्च, कर्जाविना : बेने इस्राएल कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू वर्षाचा शेवटचा एलुल महिना लागला की मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत एकच विषय निघतो. पुढच्या तिश्री महिन्यातले, म्हणजे नव्या वर्षाचे, सण तोंडावर आले आहेत आणि हातात पुरेसे पैसे नाहीत. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांकडूनही फोनवर हेच ऐकू येते. मी अनेक वर्षे आमच्या घरचा आणि काही काळ नात्यातल्या दोन-तीन घरांचा हिशेब लिहीत आले आहे. त्या अनुभवातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे देत आहे.

सण थाटाने करा असे धर्मच सांगतो. मग त्यासाठी कर्ज काढले तर काय बिघडले?

हा प्रश्न सर्वांत आधी घ्यायला हवा, कारण सणासाठी कर्ज काढणारा माणूस बहुतेक वेळा धर्माचेच नाव पुढे करतो. तालमूद या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या बेत्सा या भागात म्हटले आहे की, माणसाची वर्षाची मिळकत रोश हाशानाला, म्हणजे नववर्षाच्या दिवशी, ठरते, परंतु शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सण आणि मुलांचे तोराशिक्षण (धर्मशिक्षण) यांवरचा खर्च त्यात धरलेला नसतो. जो हा खर्च कमी करतो त्याला कमी मिळते आणि जो वाढवतो त्याला वाढवून मिळते. त्याच भागात देव इस्राएलला म्हणतो की, माझ्या भरवशावर उसने घ्या, सण साजरा करा, मी फेडीन. एवढेच वाचून थांबले तर कर्जाला मोकळीक मिळाल्यासारखे वाटते.

परंतु रब्बी अकिवा यांचे वचनही तालमूदमध्येच आहे : तुझा शब्बाथ साध्या दिवसासारखा झाला तरी चालेल, पण लोकांपुढे हात पसरण्याची वेळ आणू नकोस. मध्ययुगातल्या तोसाफोथ या तालमूदच्या टीकाकारांनी या दोन वचनांचा मेळ घातला. ज्याच्यापाशी फेडण्याची सोय आहे त्याने उसने घ्यावे आणि ज्याच्यापाशी ती नाही त्याने रब्बी अकिवांचे ऐकावे, असा त्यांचा निवाडा आहे. पगार पाच तारखेला होणार आहे आणि सण दोन तारखेला आला, म्हणून भावाकडून तीन दिवसांसाठी पैसे घेतले, तर ती फेडीची सोय असलेली उसनवारी झाली. पुढच्या पेसाहपर्यंत (एप्रिलच्या सुमाराचा, मिसरातून सुटकेचा सण) फिटणार नाही हे ठाऊक असून घेतलेले कर्ज त्या सवलतीत बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरिबातल्या गरिबानेही करायलाच हव्यात अशा दोन गोष्टी मात्र धर्माने ठरवून दिल्या आहेत : पेसाहच्या सेदरचे, म्हणजे पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाचे, द्राक्षरसाचे चार प्याले आणि हनुक्का या दिव्यांच्या सणाचा दिवा. यांसाठी दानाचे पैसे घ्यावे लागले तरी घ्यावेत, असे सांगितले आहे. वर्षभराच्या खर्चात या दोहोंइतकी स्वस्त बाब क्वचितच सापडेल.

कोणत्या सणाला किमान काय लागते?

बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि म्हणून बंधनाचा खर्च कुठे संपतो व हौसेचा कुठे सुरू होतो हे कळत नाही.

रोश हाशानाला, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतल्या नव्याच्या सणाला, शोफार (मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य) ऐकणे बंधनकारक आहे आणि तो सिनेगॉगमध्ये ऐकायला मिळतो. घरी किद्दुश (प्याल्यावर म्हणायचा आशीर्वाद), दोन भाकरी किंवा पाव, गोड म्हणून सफरचंद व मध आणि एक चांगले जेवण एवढे पुरते. योम किप्पूर हा तर उपासाचा दिवस. त्याचा खर्च आदल्या संध्याकाळच्या आणि उपास सोडतानाच्या जेवणापुरता असतो.

सुक्कोथला, म्हणजे मांडवांच्या सणाला, आपल्याकडे बहुतेकांना घरी मांडव घालणे शक्य नसते. सिनेगॉगच्या आवारात झावळ्यांचा मांडव घातला जातो आणि किद्दुश तेथेच होतो. या सणाच्या विधीला लागणाऱ्या एथ्रोग (लिंबाच्या जातीचे फळ) आणि लुलाव (खजुरीची झावळी व डहाळ्या) यांचा संच बाहेरून मागवला तर महाग पडतो, पण प्रत्येक घराने तो घ्यावा अशी गरज नाही. पहिल्या दिवशी संच स्वतःच्या मालकीचा असावा लागतो, म्हणून 'परत देण्याच्या अटीवर भेट' अशी सोय शास्त्रातच केलेली आहे. एकच संच एकापाठोपाठ सगळ्यांच्या हाती जातो आणि त्या क्षणापुरता ज्याच्या हाती असेल त्याचा होतो. एका प्रसंगी हदासच्या, म्हणजे याच संचातल्या मेंदीसारख्या सुगंधी डहाळ्यांच्या, व्यापाऱ्यांनी भाव चढवले, तेव्हा शमुएल या विद्वानांनी त्यांना बजावले की, किंमत उतरवा, नाहीतर मोडक्या डहाळ्याही चालतात या रब्बी तारफोन यांच्या मताप्रमाणे मी निकाल देईन. सणाचा माल महागला की विद्वान गिऱ्हाइकाच्या बाजूने उभे राहत, हे आपल्या परंपरेत आहे आणि ते आपण विसरता कामा नये.

हनुक्काला रात्रीचा एक दिवा घरासाठी पुरतो. दिवे रोज वाढवत नेणे ही शोभा आहे, आणि तीही केली तरी आठ रात्रींचे मिळून छत्तीस दिवे आणि आठ शमाश (बाकीचे दिवे लावण्याचा जादा दिवा), म्हणजे चव्वेचाळीस वाती होतात. दिवाळी उलटली की पणत्या स्वस्त मिळतात, त्या घेऊन ठेवाव्यात. पुरीमला एका व्यक्तीला खाण्याच्या दोन वस्तू आणि दोन गरिबांना दान एवढे बंधन आहे. पुरणपोळी आणि एक केळे दिले तरी ते पुरे होते. मध्ययुगातले धर्मशास्त्रकार मैमोनिदिस यांनी तर म्हटले आहे की, स्वतःच्या मेजवानीपेक्षा आणि मित्रांना पाठवायच्या डब्यांपेक्षा गरिबांच्या दानावर अधिक खर्च करावा. शाबुओथला, म्हणजे तोरा मिळाल्याच्या सणाला, आणि बिर्ड्याच्या सणाला, म्हणजे तिशा बेआब या उपासाच्या दिवसाला, वेगळा खर्च जवळजवळ नसतोच. वालाचे बिरडे कोणत्याही घराला परवडते.

शोभेलाही मर्यादा आहे. एखादी विधीची वस्तू अधिक देखणी घ्यायची असेल तर नेहमीच्या किमतीहून एक तृतीयांशापर्यंत जास्त द्यावे, असे तालमूद सांगतो. खरेदीला निघताना हा आकडा डोक्यात ठेवला तर फार उपयोगी पडतो.

पैसे नेमके कोणत्या महिन्यांत लागतात?

दोन ठिकाणी. तिश्रीत सलग तीन आठवडे आणि नंतर पेसाहला. २०२६ साली रोश हाशाना १२ व १३ सप्टेंबरला, योम किप्पूर २१ सप्टेंबरला आणि सुक्कोथ २६ सप्टेंबरपासून आहे. या सणांचा शेवटचा दिवस, सिम्हाथ तोरा, ४ ऑक्टोबरला येतो. म्हणजे जवळपास सगळा खर्च ऑगस्टच्या एकाच पगारातून करावा लागतो. त्यातच गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणून नारळ, गूळ, सुकामेवा आणि फुले नेमक्या आपल्या खरेदीच्या आठवड्यात महागलेली असतील. टिकणारा माल श्रावण लागण्यापूर्वी घ्यावा आणि शेंडी न काढलेले नारळ नारळी पौर्णिमेच्या आधी आणून कोरड्या जागी ठेवावेत, हे मी दरवर्षी सगळ्यांना सांगते.

आपल्या पंचांगात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात आणि सप्टेंबर २०२६ ला सुरू होणारे ५७८७ हे तसे वर्ष आहे. त्यामुळे पेसाहचा पहिला दिवस २०२६ मध्ये २ एप्रिलला येतो, तर २०२७ मध्ये तो २२ एप्रिलला येईल. रोश हाशाना १२ सप्टेंबर २०२६ नंतर २ ऑक्टोबर २०२७ ला आणि त्यानंतर २१ सप्टेंबर २०२८ ला येईल. पहिल्या खेपेला तयारीला वीस दिवस जास्त मिळतात, तर दुसऱ्या खेपेला वर्षाहून अकरा दिवस कमी. अधिक वर्षात हाती राहिलेला जादा हप्ता पुढच्या, आखूड वर्षासाठी तसाच ठेवावा.

दर महिन्याला किती बाजूला काढावे?

मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती गेले त्यावरून ठरवावे, अंदाजाने नाही. समजा तिश्रीला २४,००० रुपये, पेसाहला १५,०००, पुरीम व हनुक्काला मिळून ४,००० आणि बाकीच्या दिवसांना २,००० गेले. एकूण ४५,००० झाले, म्हणजे महिना ३,७५० रुपये. हा आकडा पाहून छातीत धस्स झाले, तर मागच्या वर्षीचा सण ऐपतीबाहेरचा होता हे तेथेच कळते, आणि ते सप्टेंबरऐवजी आधी कळलेले बरे.

पगाराच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे वळते होतील असे आवर्ती ठेवीचे खाते उघडावे आणि त्याची मुदत रोश हाशानाच्या महिनाभर आधी संपेल अशी बेताने निवडावी. पेसाहसाठी दुसरे, छोटे खाते ठेवावे. एकाच खात्यात सगळे ठेवले की तिश्रीतच पेसाहचे पैसे संपतात, हे मी आमच्या घरात दोनदा पाहिले आहे. मिळकत रोजची किंवा हंगामी असेल तर शब्बाथच्या खरेदीबरोबर दर आठवड्याला ठरलेली रक्कम वेगळ्या डब्यात टाकावी. भिशी ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसांची असेल तर चालते, परंतु आपला नंबर सणाच्या आधी लागेल हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे.

चिकाच्या हलव्याशिवाय नवे वर्ष कसे होणार? त्याचाच खर्च सर्वांत मोठा असतो.

हलवा सोडा असे मी कोणाला सांगणार नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून गाळून चीक खाली बसू द्यायचा, वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे आणि मग नारळाच्या दुधात साखरेबरोबर तो कढईत टाकून हात भरून येईपर्यंत ढवळत राहायचे. तूप-दूध नको, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही तो खाता येतो. कढईच्या कडा सुटू लागल्या की तो ताटांत ओतायचा, वर चारोळी आणि बदामाचे काप पेरायचे आणि निवल्यावर वड्या पाडायच्या. ज्या घरात हे होते त्या घरात सण आला हे जिन्यातच कळते.

खर्च वाढतो तो ताटांच्या संख्येमुळे. गहू आणि साखर यांना फारसे पैसे पडत नाहीत. पैसे जातात ते नारळ, सुकामेवा आणि गॅस यांना. इमारतीतल्या प्रत्येक दारात, कार्यालयात आणि नात्यातल्या प्रत्येक घरी वाटायचा म्हणून सहा-सहा ताटे केली जातात. तीन घरांनी मिळून एक मोठी कढई चढवावी, म्हणजे गॅस तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि ढवळायला हातही मिळतात. बदाम-पिस्ते अख्ख्या ताटावर पसरण्याऐवजी प्रत्येक वडीवर एकेक काप ठेवावा. वाटायच्या वड्या चारऐवजी दोन द्याव्यात. आजवर कोणी मोजून पाहिल्या नाहीत. वेळ नसेल तर मक्याच्या पिठाचा हलवा करावा, तो अनेक घरांत वर्षानुवर्षे होत आहे.

पेसाहला भांडी, मात्सा आणि वाइन यांवर होणारा खर्च कसा आवरावा?

आपल्या आजी-पणजी पेसाहच्या आधी घराला चुना देत आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना नव्याने कल्हई लावून घेत. नवी भांडी दरवर्षी घेण्याची पद्धत कधीच नव्हती. आज स्टीलची भांडी उकळत्या पाण्यात घालून कशेर, म्हणजे धर्माच्या नियमाप्रमाणे वापरण्याजोगी, करता येतात. त्याची रीत आपल्या हजानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारावी. पेसाहची म्हणून वेगळी भांडी ठेवायचीच असतील तर दरवर्षी एक-एक घ्यावे आणि सण झाला की कापडात बांधून माळ्यावर ठेवावे.

मात्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, बाहेरून मागवलेला महाग पडतो. त्याचे बंधन मुख्यतः सेदरच्या रात्रीचे आहे. बाकीच्या दिवशी हामेत्स, म्हणजे खमिराचे पदार्थ, न खाणे एवढेच पाळायचे असते, आणि आपल्या रिवाजात तांदूळ चालतो. त्यामुळे आठवडाभर भात आणि तांदळाच्या भाकरीवर घर सुखाने चालते. तांदूळ सणाआधी निवडून, धुऊन, वाळवून ठेवावा. सेदरच्या ताटातल्या हारोसेथ या गोड पदार्थासाठी खजुराचा शिरा घरीच करावा.

चार प्याल्यांसाठी आपल्या घरांत काळ्या मनुकांचे शरबत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे आणि ते धर्माला मान्य आहे. पाव किलो काळ्या मनुका धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी त्या हाताने कुस्करून मंद आचेवर उकळाव्यात आणि पातळ फडक्यातून पिळून गाळाव्यात. बाहेरून आणलेल्या एका बाटलीच्या किमतीत असे कितीतरी लिटर शरबत होते. कशेर वाइन आणली नाही म्हणून कोणी ओशाळू नये. किद्दुशचा प्याला हातात धरून आपल्या वाडवडिलांनी हेच शरबत घेतले आहे.

मटण परवडत नाही. सणाचे जेवण अपुरे राहते का?

राहत नाही. यरुशलेमचे मंदिर नसलेल्या काळात सणाला मांस खाणे बंधनकारक नाही, असे धर्मशास्त्रकार योसेफ कारो यांनी नोंदवले आहे, जरी त्यामुळे आनंद वाढतो असे मानणारेही आहेत. सणाच्या एका जेवणाला मटण आणि बाकीच्या जेवणांना कोंबडी किंवा खवल्यांची मासळी, अशी वाटणी बहुतेक घरांना झेपते. कशेर कोंबडी चार घरांनी एकत्र कापून घेतली तर हजानांचा वेळ आणि आपला प्रवासखर्च दोन्ही वाचतात.

सिनेगॉगमध्ये मानाची बोली लागते, तेव्हा मागे हटायला संकोच वाटतो. काय करावे?

योम किप्पूरला किंवा सिम्हाथ तोराला सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, उचलण्याच्या मानासाठी बोली लागते, तेव्हा भरलेल्या सभेत, वडिलांच्या नावाचा विचार मनात आलेला असताना, माणूस घरी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट बोलून जातो. हा पैसा समाजाच्या कामी येतो, म्हणून बोली वाईट नाही. परंतु बोललेला शब्द हा नवसासारखा असतो आणि तो फेडलाच पाहिजे. न फेडता येणारे बोलू नये हे बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकातच सांगितले आहे. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी नवरा-बायकोने मिळून रक्कम ठरवावी आणि ती ओलांडली गेली की गप्प बसावे. बोली न लावताही सभेत आमेन म्हणणाऱ्याचा मान तेवढाच आहे. विश्वस्तांनाही माझी विनंती आहे की, फेडीला निदान सहा महिने द्यावेत आणि थकलेल्यांची नावे सर्वांसमोर वाचू नयेत. एका ठिकाणी तशी नावे वाचली गेली आणि एक कुटुंब त्यानंतर सणाला यायचेच बंद झाले. ते घर आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दरवर्षी सगळ्यांना नवे कपडे हवेतच का?

तालमूदचा गाभा असलेल्या मिश्ना या ग्रंथात लिहिले आहे की, योम किप्पूरच्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून बाहेर पडत आणि ते सर्व कपडे एकमेकींकडून उसने घेतलेले असत, ज्यांच्याकडे नाहीत त्यांना लाज वाटू नये म्हणून. श्रीमंतांच्या मुलीही उसनेच कपडे घालत. यापलीकडे मला काही सांगायचे नाही.

पाहुणे आले की खर्च हाताबाहेर जातो. बोलावणेच बंद करावे का?

बंद करू नये. जो आपले दार लावून घेऊन फक्त बायकामुलांसोबत खातो-पितो आणि गरिबांना, एकट्यांना जेवू घालत नाही, त्याचा आनंद हा सणाचा आनंद नसून पोटाचा आनंद आहे, असे मैमोनिदिस यांनी कडक शब्दांत लिहिले आहे. आज आपल्या समाजात मुले इस्राएलला आणि म्हातारे आईवडील येथे, अशी कितीतरी घरे आहेत; त्यांचे सेदर आपल्याच घरी व्हायला हवे. पाहुण्यांनी एकेक पदार्थ आणावा असे आधी मोकळेपणाने सांगावे. जे काही आणू शकत नाहीत त्यांना काहीही सांगू नये.

नवसाचा मलिदा सणाच्याच दिवसांत आला तर?

पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची-जायफळ आणि पाच प्रकारची फळे एवढ्यावर एलियाहू हन्नाबीचा (संदेष्टा एलिया यांच्या नावाचा) मलिदा पूर्ण होतो. नंतरची बिर्याणी हा मलिद्याचा भाग नाही. नवस बोलताना दिवस बांधून घेऊ नये, म्हणजे हात मोकळा असेल तेव्हा तो फेडता येतो.

या वर्षी तेवढे क्रेडिट कार्डावर घेतले आणि हळूहळू फेडले, तर?

समजा कार्डावर ३०,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याज १,०५० रुपये आणि त्यावरचा अठरा टक्के जीएसटी १८९ रुपये. आपण किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे १,५०० रुपये भरले, तर मुद्दल फक्त २६१ रुपयांनी कमी होते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. पेसाह येईल तेव्हा रोश हाशानाचा हलवा अजून फेडायचाच असेल.

कर्ज आधीच झाले असेल तर तिश्रीच्या नव्या खरेदीसाठी कार्ड घरी ठेवावे, सणाचा खर्च धर्माने सांगितलेल्या किमान पातळीवर आणावा आणि वाचलेली रक्कम सर्वाधिक व्याजाच्या कर्जात भरावी. सोने तारण ठेवणे कार्डापेक्षा स्वस्त पडते, पण सणासाठी मंगळसूत्र गहाण टाकू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

मदत मागायला लाज वाटते.

पेसाहपूर्वी गरजूंसाठी पिठाचे पैसे गोळा करण्याची पद्धत तालमूदच्या काळापासून चालत आली आहे आणि ज्याला गरज आहे त्याचा त्यावर हक्क आहे. तोराने यहुद्याने यहुद्याकडून व्याज घेण्यास मनाई केली आहे, म्हणूनच बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आपल्या लोकांत जागोजागी उभ्या राहिल्या. मुकादमांना, म्हणजे सिनेगॉगच्या पुढाऱ्यांना, किंवा हजानांना सणाच्या आठवड्यात नव्हे, तर महिनाभर आधी एकट्यात भेटावे. ज्यांच्याकडे देण्यासारखे आहे त्यांनी मागण्याची वाट पाहू नये. तेल, तांदूळ, साखर यांची पिशवी दाराशी ठेवून निघून यावे.

इस्राएलमध्ये राहणाऱ्यांसाठी काही वेगळे आहे का?

तेथे मोह वेगळ्या रूपात येतो. दुकानदार प्रत्येक खरेदीला किती हप्ते करायचे ते विचारतो आणि खाते उणे रकमेत, म्हणजे 'मिनुस'मध्ये असणे हे अनेकांना नेहमीचेच वाटू लागते. रोश हाशाना आणि पेसाहला मालकाकडून मिळणारी भेट किंवा खरेदीची कुपने किराणा सामानासाठीच राखून ठेवावीत. उन्हाळ्यात मिळणारी विश्रांतीभत्त्याची रक्कम तिश्रीसाठी बाजूला काढावी. भारतातून येणाऱ्या नातेवाइकांकडून बाकीच्या भेटवस्तू मागवण्याऐवजी पोहे, वेलची आणि जायफळ मागवावे.

सण झाल्यावर हिशेब केव्हा लिहावा?

त्याच आठवड्यात. माझ्या सासूबाईंची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. तीत प्रत्येक सणाच्या पानावर तीन रकाने आहेत : काय आणले, किती रुपये आणि काय उरले. तिसरा रकाना सर्वांत कामाचा. एका वर्षीच्या रोश हाशानाच्या पानावर त्यांनी लिहिले आहे : हलवा चार ताटे, उरले एक, पुढच्या वर्षी तीन. पुढच्या वर्षीच्या पानावर खरोखरच तीन ताटे आहेत आणि उरले या रकान्यात शून्य.